कुंडीमागची आई

"खिशात मावणारी लहान लेन्स ठेवू, की मागचं सगळं धूसर करणारी मोठी?" दोन महिने दादाचं हेच तुणतुणं. दोन्ही लेन्स लावून तो खिडकीतल्या कुंडीचे फोटो काढत बसायचा. धाकट्या बहिणीने आईचा फोटो काढायला फोन उचलला की खेकसायचा, "फोनने नको! लेन्स ठरली की मीच काढेन."

आज सकाळी, आताशा सगळंच विसरणारी आई दार उघडून निघून गेली. पोलिसांनी अलीकडचा फोटो मागितला. बहिणीने दात-ओठ खात दादाच्या हातून कॅमेरा हिसकावून घेतला. शंभरभर फोटोंत कुंडीचं पान न्‌ पान स्पष्ट, आणि मागे गॅलरीत खुर्चीत बसलेली आई म्हणजे नुसता पांढरा डाग.

"लहान लेन्सचे कुठे गेले?" ती किंचाळली.

 

"पुसून टाकले," दादा पुटपुटला. "त्यांत मागे आई स्पष्ट दिसत होती."