यादीखालची कोरी जागा

“मग वरच्या वस्तीला एवढे टँकर पाठवले कुणी? भुतानं?” डेपोचे प्रमुख विश्वजीत साहेबांनी विचारलं.

अंबिका कॉम्प्युटरसमोर बसली. ही खुर्ची तिच्या दादांची, म्हणजे बापाची, मुंजाबाची. पडेगावच्या या टँकर डेपोत काम सोपं होतं. यादीतल्या नावावर क्लिक करायचं. चिठ्ठी छापून यायची आणि ड्रायव्हर तिथं टँकर न्यायचा. दुष्काळ हटत नव्हता, नव्या कॉलन्या वाढत होत्या आणि यादी लांबत होती. तिच्या तळाशी धनगरांची वरची वस्ती. मुंजाबाची स्वतःची.

आपल्याच लोकांना पाणी पुरवतो, असा ठपका ठेवून त्याला घरी बसवलं होतं. “मी त्या नावावर एकदाबी क्लिक केलं नाय,” एवढंच तो मरेपर्यंत सांगत राहिला.

अंबिका शहरात प्रोग्राम लिहायची. आज ती आईला, सारजाबाईला, मुद्दाम सोबत घेऊन आली होती.

“पुंडलिकभाऊ, स्क्रीनवर दुसरं काही उघडलं असलं, तर दादा ही यादी परत पुढं कशी आणायचे?”

“खालच्या कोऱ्या जागेवर क्लिक करायचे,” आता ते काम बघणारा पुंडलिक म्हणाला. “कुणाच्या नावाला धक्का लागाय नको म्हणून. लई भित्रा माणूस.”

“करून दाखवा.”

पुंडलिकनं यादीखालच्या पांढऱ्या जागेवर क्लिक केलं. प्रिंटर खरखरला. चिठ्ठीवर नाव आलं: वरची वस्ती.

“क्लिक नावावर पडलं का, हे हा प्रोग्राम बघतच नाही,” अंबिका म्हणाली. “सगळ्यात जवळची ओळ धरतो. कोऱ्या जागेला जवळची ओळ शेवटची.”

तिनं प्रोग्राम उघडला आणि दुरुस्ती केली. मग त्याच जागेवर पुन्हा क्लिक केलं. प्रिंटर गप्प राहिला.

साहेब उठून उभे राहिले. “काकू, मुंजाबा खरं बोलत होते. माझं चुकलं.”

“खरंच बोलत व्हते,” सारजाबाई म्हणाली. “मंजी वस्तीचा हक्काचा टँकर त्यांनी एकदाबी धाडला नाय. लोक काय म्हणतील म्हणून. आमी पेलो ते चुकून आलेलं पाणी.”

पुंडलिकनं मान खाली घातली. “ठपका आल्यापासून त्या नावाला कुणीच हात लावला नाय, वहिनी. मीबी नाय.”

आणि वस्तीला पाणी देणारी ती चूकही अंबिकेनं आत्ताच बंद केली होती.

तिनं बाण यादीच्या तळाशी नेला. शेवटच्या नावावर थांबवला.

“ताई, उद्या कुणी विचारलं, टँकर कुणी पाठवला, तर काय सांगू?” पुंडलिकनं विचारलं.

“मुंजाबाच्या पोरीनं,” अंबिका म्हणाली, आणि नेमकं नावावर क्लिक केलं.