सहा सह्या

"सहा सह्या आहेत, काकू," हवाई तळावरून आलेला अधिकारी सचिन म्हणाला. "उड्डाणाआधीच्या तपासणीवर सहा वेगवेगळ्या माणसांच्या सह्या. विमान ठणठणीत होतं. चूक धर्मेंद्रची झाली."

देवकाबाईंनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. धर्मेंद्र त्यांचा एकुलता एक मुलगा, फौजेत वैमानिक. त्याचं विमान कोसळून सात महिने झाले होते. आज चौकशीचा अहवाल पिपरी मेघेतल्या घरी पोचला, आणि त्यात सगळं खापर मेलेल्या पोराच्या माथी! मेलेला माणूस उलट बोलत नाही, हे सगळ्या ऑफिसांना पक्कं ठाऊक असतं.

"त्यानं मले फोनवर सांगतलं होतं," देवकाबाई म्हणाल्या. "आई, इंजिनातून तेल गळून राह्यलं. तीनदा लिहून देल्लं, तं वरचे म्हणतात, डरतं काय बे?"

"फोनवरचं बोलणं पुरावा होत नाही, काकू. आणि सहाच्या सहा जण न पाहता सही करतील का?"

 देवकाबाईंनी वर्ध्याच्या एका कचेरीत पस्तीस वर्षं कारकुनी केली होती. 'अहवाल मान्य' असं लिहून द्यायला त्यांनी शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

तो गेल्यावर सून लीना रडायलाच लागली. "देऊन टाका सही, आई. त्या लोकांशी आपण कुठं भांडणार?"

"काऊन देऊ? उद्या गुंजन मोठी होईन. बापाच्या नावापुढं हेच वाचन का माही नात? मी जित्ती आहे तोवर हे होऊ देणार नाई!"

त्यांनी कोरा कागद घेतला. वर ठसठशीत अक्षरात एकच ओळ लिहिली, खाली एक ते सात आकडे घातले आणि चपला पायात सरकवल्या.

शेजारचे निवृत्त हेडमास्तर प्रभाकरराव झाडांना पाणी घालत होते.

"धर्मेंद्रच्या विमानाचा कागद आहे, भाऊ. वाचून घ्या अन् सही करा."

प्रभाकररावांचे डोळेच भरून आले. "अवो वहिनी, एक काय, धा सह्या घ्या!" पाण्याचा पाइप काखेत धरून त्यांनी झोकदार सही ठोकली.

औषधाच्या दुकानातल्या रीताला चष्मा सापडेना. "जाऊ द्या मावशी. मास्तरांनी केली ना? मंग झालं तं."

पुढच्या तिघांचंही तसंच. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी चहा पाजला, कोणी सरकारला चार शिव्या हासडल्या. माणसं मायेची, त्यात वादच नाही.

सहावे हरिभाऊ. बँकेतून निवृत्त झालेले, विजेचं बिलसुद्धा भिंग लावून तपासणारे. ह्यांनी तरी वाचावं, असं देवकाबाईंना मनापासून वाटत होतं. हरिभाऊंनी वरची नावं एकेक करून पाहिली. "पाचही माणसं वजनदार आहेत," असं म्हणत त्यांनी सही केली. देवकाबाईंना घरी येऊन जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सचिन आला तो घड्याळाकडे बघतच. त्याला संध्याकाळच्या आत नागपूर गाठायचं होतं.

"झाली का सही, काकू?"

"पयले तुमी माह्या कागदावर करा. सातव्या नंबरवर. धर्मेंद्रच्या विमानाचं आहे. वाचून घ्या बरं."

सचिनची नजर सह्यांखाली लिहिलेल्या हुद्द्यांवरून फिरली. वस्तीतल्या लोकांचा अर्ज असणार. हेडमास्तर, बँकवाले, सगळी भली माणसं. एका आईला आता आणखी कशाला दुखवायचं? सचिननं पेन काढलं आणि हुद्द्यासकट, तारीख घालून सही केली.

त्यानं कागद पुढे केला, पण देवकाबाईंनी तो घेतला नाही.

"आता वरची ओळ वाचा, साहेब. मोठ्यानं. लीना, तूही आयक."

सचिननं कागद डोळ्यांसमोर धरला.

"'धर्मेंद्रचं विमान उडण्याआधी मी स्वतः इंजिन उघडून तपासलं,'" तो वाचू लागला आणि त्याचा आवाज बारीक होत गेला, "'ते उडण्यास योग्य होतं.'"