वीस टक्के पिवळा

"रंग तंतोतंत हाच पाहिजे, ताई. जरासुदा फरक नको," म्हणत धर्मराजनं सरकीच्या बियाण्याचं पाकीट स्वप्नालीच्या टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काही काढला नाही.

बीडच्या त्या छापखान्यात छपाईआधी फोटोंचे रंग बसवायचं काम स्वप्नालीचं. स्क्रीनवर झळकणारा हिरवा कागदावर मळकट उतरतो, त्याला ताळ्यावर आणायचं ते तिनंच. पण नामांकित कंपनीच्या पाकिटाचा रंग या बाबाला कशाला हवा, हे तिला कळेना. छपाई म्हणे बाहेर करणार, मजकूरही दुसरीकडेच बसवणार. तिनं फक्त पाकिटाच्या फोटोची फाईल द्यायची.

"एवढी लपवाछपवी कावून?" तिनं विचारलंच.

"पेरणीआधी बाहेर फुटलं तर सगळं वाया जाईल. गावोगाव जायचं हाय हे," तो हळूच म्हणाला.

स्वप्नालीच्या मनात पाल चुकचुकली. गेल्या साली दिंद्रुडला तिच्या वडिलांनी बोगस पाकिटातली सरकी लावली होती. तीन एकर रान उगवलंच नाही आणि आबा महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. तिनं मालकांच्या, राजेश्वरशेठच्या कानावर घातलं. गिऱ्हाइकाच्या भानगडीत पडू नकोस, एवढंच ते म्हणाले.

मग तिनं स्वतःच काय ते ठरवलं. प्रूफ हुबेहूब काढलं. धर्मराजनं ते उन्हात नेऊन पाकिटाशी ताडून पाहिलं आणि मान डोलावली. फाईल देताना मात्र तिनं पाकिटावरच्या हिरव्या पट्ट्यातला पिवळा वीस टक्क्यांनी उतरवला. पट्टा निळसर झाला. खऱ्याशेजारी ठेवला की लहान पोरालाही फरक दिसावा इतका. छाप म्हणावं आता बोगस पाकिटं. घरी जाताना तिला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.

जूनअखेर ती गावी गेली तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. आबा भलतेच खुशीत होते.

"यंदा न्हाई फसलो बग," ते म्हणाले. "दुकानातल्या पाकिटाचा रंगच जुळंना. आख्ख्या गावानं परत केलं. मग आठ दिसांनी एक टेम्पोवाला आलता, त्याच्याकडचं शाईचा वास मारणारं नवंकोरं पाकीट बरोबर जुळलं. समद्यांनी तेच लावलं."

"रंग कशाशी जुळवला, आबा?"

आबांनी समोरच्या शाळेच्या भिंतीकडं बोट केलं. भिंतीवर कंपनीचं भलंमोठं पोस्टर होतं. त्यावर निळसर पट्ट्याचं पाकीट होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : बोगस बियाण्यापासून सावधान. अस्सल पाकीट असंच दिसतं. रंग जुळला तरच घ्या.