पहिल्या गिऱ्हाइकाचा मजकूर

संचालिकाबाईंनी जाहिरातीचा मजकूर वाचला आणि कागद टेबलावरून त्याच्याकडे परत सरकवला.

"नेटकं आहे. पण हे वाचून कुणी गाडी काढून इथवर येणार नाही," त्या म्हणाल्या. "आईवडिलांना इथे ठेवावं असं मुलांच्या मनात असतंच. लाज आडवी येते. त्या लाजेवर काहीतरी लिहा."

त्यांचा वृद्धाश्रम नवा होता. बावीस खोल्या, त्यातल्या पंधरा रिकाम्या. गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. संध्याकाळपर्यंत दुसरा मजकूर मिळाला नाही, तर त्या हे काम एका मोठ्या कंपनीला देणार होत्या.

तो बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला. नोकरी गेल्याला पाच महिने झाले होते. आता कुणाची चाकरी नको, स्वतःचं डिजिटल मार्केटिंगचं काम करणार, असं त्याने मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितलं होतं. मग उंबरे झिजवणं सुरू झालं. दातांच्या डॉक्टरांच्या जाहिराती त्यांचा भाचा बघत होता. व्यायामशाळेच्या मालकाने महिनाभर नमुन्यादाखल काम करून घेतलं आणि फोन उचलणं बंद केलं. फर्निचरवाला म्हणाला, आधी कुणाची कामं केलीत ती दाखवा. दाखवायला काही नव्हतं म्हणून काम मिळेना, आणि काम मिळेना म्हणून दाखवायला काही नव्हतं.

घरात तो आणि आई, दोघंच. आईने तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. शाळेतल्या निबंधापासून परवाच्या अर्जापर्यंत त्याचं सगळं लिखाण तिच्या नजरेखालून गेलेलं. हल्ली मात्र ती विसरायला लागली होती. दोनदा गॅस चालू राहिला. तेव्हापासून बाहेर असला की तो तासातासाने घरी फोन करायचा. आताही केला. ती म्हणाली, मी बरी आहे, तू तुझ्या कामाकडे लक्ष दे.

फोन ठेवला आणि त्याला वाक्य सुचलं. 'आई ओझं नसते. पण खांदे दुखतात, ते कुणाला सांगायचं?'

पुढचं सगळं न थांबता आलं. गॅसचा वास, तासातासाचा फोन, तोच प्रश्न चौथ्यांदा आला की आवाजाला चढणारी धार, आणि ती ऐकून गप्प झालेला आईचा चेहरा. खरं बोलायचं तर त्याचे खांदे काही एवढे दुखत नव्हते. थोडं खरं होतं, बाकी मीठमसाला लावला होता. खाली नावाच्या जागी त्याने लिहिलं, 'एक मुलगा'.

संचालिकाबाईंनी मजकूर दोनदा वाचला. मग उद्यापासूनच सुरू करा म्हणाल्या.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं म्हटल्यावर आईचा चेहरा उजळला. तिने चष्मा शोधून डोळ्यांना लावला आणि बघू म्हणून हात पुढे केला. तो म्हणाला, दवाखान्यासारखं काहीतरी आहे, मजकूर बाहेर दाखवायचा नाही अशी त्यांची अट आहे. तिचा हात क्षणभर तसाच राहिला. असं याआधी कधी झालं नव्हतं.

जाहिरात चालली. नुसती चालली नाही, लोक ती एकमेकांना पाठवत सुटले. 'हे तर माझंच लिहिलंय,' असं कितीतरी जणांनी खाली लिहिलं. तीन आठवड्यांत चौदा खोल्या भरल्या. संचालिकाबाईंनी चार ठिकाणी शब्द टाकला. कानांच्या यंत्रांचं दुकान, मग एक रक्त तपासणारी प्रयोगशाळा, आपणहून त्याच्याकडे आली. आता त्याला कुणाच्या दारात जावं लागत नव्हतं. कामाच्या धबडग्यात तासातासाचे फोन कधी सुटले ते त्याच्याही लक्षात आलं नाही. आईही हल्ली एकदा विचारलेलं पुन्हा विचारत नसे. गॅसपाशी तर ती फिरकतच नसे. त्याला वाटलं, बरी होत चालली आहे.

एका दुपारी संचालिकाबाईंचा फोन आला. शेवटची खोलीही भरली होती. सकाळी एक बाई रिक्षा करून एकट्याच आल्या, जाहिरात वाचून, कुणी आणून सोडलेलं नाही, असं त्या कौतुकाने सांगत होत्या. मुलाला मागाहून कळवते, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. त्यांचं दोन मिनिटांचं बोलणं चित्रित करून ठेवा, पुढच्या जाहिरातीला उपयोगी पडेल, असं संचालिकाबाईंनी सांगितलं.

तो कॅमेऱ्याचा स्टँड घेऊन पोचला. व्हरांड्याच्या टोकाची खोली. दार उघडंच होतं. आत आई पिशवीतल्या साड्या कपाटात लावत होती.

त्याच्या हातून स्टँड भिंतीशी कलंडला. घरी चल, एवढंच तो म्हणू शकला. मग सुटल्यासारखा बोलत राहिला. धंद्यात असंच लिहावं लागतं, ते कुणी खरं धरायचं नसतं, त्यातला मुलगा म्हणजे मी नव्हे. आईने शेवटची साडी ठेवून कपाट लावलं आणि खाटेवर बसून त्याला शेजारी बसवलं.

"तिसऱ्या ओळीत एक अनुस्वार राहिलाय," ती म्हणाली. "बाकी चांगलं लिहिलंस. अगदी मनातलं."

तो मान खाली घालून बसला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि लगेच, चुकून ठेवल्यासारखा, काढून घेतला.

"पण एवढं होतं, तर घरात सांगायचंस ना रे," ती म्हणाली. "मला सांगायला जाहिरात कशाला द्यायची?"