वीतभर पाऊल

“अण्णा, तुम्ही चाला. पाऊल पडेल तिथे मी चुन्याची खूण करतो, तिथेच दगड बसवू,” गवंडी म्हणाला.

अर्धांगवायूनंतर वडील पहिल्यांदाच अंगणात उतरले होते. वीतभर पाऊल टाकायचं आणि थांबायचं. चिखल असला तरी फाटकापर्यंत एकट्यानं जायचं, हा त्यांचा हट्ट.

“इतके जवळजवळ दगड? येणारेजाणारे ठेचकाळतील,” मी कुरकुरलो.

“येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी नाहीये वाट,” अण्णा जड जिभेनं खेकसले.

शेवटचा दगड बसला, त्याच्या दुसऱ्या सकाळी अण्णा उठलेच नाहीत.

आम्ही चौघांनी तिरडी उचलली. चौथ्या दगडाशी मी ठेचकाळलो. तिरडी कलली. मागून कुणीतरी करवादलं, “कुणी घातलेत हे दगड?”

माझ्या शेजारी खांदा दिलेल्या गवंड्यानं मान वळवली नाही.

“वीतभर पाऊल टाका,” तो म्हणाला. “त्यांच्या चालीनं जाऊ द्या त्यांना.”