आजाचा बैल

“भरोसा नाही बसणार तुमचा गुरुजी, पण हा लाकडाचा बैल माह्या आजाचा हाय,” मी छाती काढून बोललो. त्र्याऐंशी सालचा सौंसरचा तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैलांचा पोळा होता. सगळ्यात जुन्या बैलाला पितळेची घागर मिळणार होती, आणि माझ्या बायकोनं, कौसल्येनं, ती मनातल्या मनात पाण्यानं भरूनही ठेवली होती.

परीक्षक नत्थूजी गुरुजींनी बैलाच्या पोटावर टिचकी मारली. “सागवान तर नवं दिसून राहिलं.”

“पोटाले उधई लागली होती, म्हणून बदललं.”

“अन् शिंगं?”

“बोरगावच्या सुतारानं बसवली. पाय, चाकं, मुंडकं, सारं त्यानंच केलं. लाकूड बदललं गुरुजी, बैल तोच हाय!”

“मग तुमच्या आजाचं यात उरलं काय?”

“शेपटी! अस्सल घोड्याचे केस. आजानं सोताच्या हातानं लावली, तेव्हापासून कोणी बोट लावलं नाही.”

गुरुजींनी शेपटीवरून हात फिरवला, मान डोलावली आणि घागर उचलली.

 

तेवढ्यात बायांच्या गर्दीतून कौसल्या ओरडली, “अवो माय! अन् मी सकाळपासून माह्या वेणीचं गंगावन शोधून राहिली!”