रावसाहेबांचं काचघर

डॉक्टरीणबाईंनी कासवाच्या पाठीवर अंगठा ठेवला आणि हलकेच दाबला. पाठ दबली. पिकलेलं फळ दबावं, तशी.

"गुदगुल्या होतात त्याला," चिमी म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी अंगठा उचलून दुसऱ्या जागी ठेवला. तिथेही तेच.

नऊ वर्षांची चिमी टेबलाला बिलगून उभी होती. तिच्या मागे तिचे आजोबा. कासवाचं नाव रावसाहेब. नऊ वाजल्याशिवाय डोळे उघडत नाहीत आणि पुढ्यात ताट आल्याशिवाय हलत नाहीत, म्हणून ते नाव चिमीनंच ठेवलं होतं. गेले बारा दिवस मात्र ताट तसंच परत जात होतं.

"नखरे वाढलेत नुसते," चिमी म्हणाली. "मी दोनदा रागावलेसुद्धा."

"नखरे नाहीत गं. जबडा मऊ पडलाय त्याचा. पानाचा तुकडा तोडायलाही जोर लागतो. तो आता त्याच्यात नाही."

चिमीनं खालचा ओठ दाताखाली धरला.

"आजोबा, याला ऊन मिळतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आजोबांचा चेहरा खुलला. बरोब्बर पाठ केलेलाच प्रश्न पेपरात यावा, तसा. "म्हणजे काय! सकाळी आठ ते अकरा. एक दिवस चुकला असेल तर विचारा. चिमे, वही दाखव."

चिमीनं दप्तरातून वही काढली. पानापानावर चौकटी आखल्या होत्या आणि ज्या दिवशी रावसाहेबांना ऊन मिळालं, त्या दिवसाच्या चौकटीत पिवळ्या खडूनं एकेक सूर्य काढला होता. ढगाळ दिवस सोडले, तर सबंध वही पिवळी होती.

डॉक्टरीणबाईंनी पानं चाळली. "कुठे ठेवता उन्हात?"

"गॅलरीत. त्याचं घर मी माझ्या हातांनी बांधलंय," आजोबा म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या. मग घरच्याला काय कमी करायचं? चारी बाजूंनी काच, वर काचेचंच झाकण. हवेला खालच्या लाकडात भोकं. कावळ्यानं चोच घालावी म्हटलं, तर फट सापडायची नाही. आणि रोज सकाळी काच पुसतो. ऊन कसं, स्वच्छ आलं पाहिजे."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. क्षणभर त्या आजोबांशी बोलतील असं वाटलं, पण त्या खाली वाकल्या आणि चिमीशी बोलू लागल्या.

"हे बघ, उन्हात पुष्कळ गोष्टी असतात. उजेड असतो, ऊब असते. आणखी एक असतं, ते डोळ्यांना दिसत नाही की हाताला लागत नाही. त्याच्यामुळे कासवाची हाडं आणि पाठ पक्की होते. काच उजेडाला आत सोडते, उबेलाही सोडते. ते तिसरं मात्र बाहेरच राहतं."

"पण आत गरम असायचं," चिमी म्हणाली. "मी रोज हात लावून बघायची."

"गरम असणारच."

"पातळ काच लावली असती तर?" आजोबांनी विचारलं.

"पातळ असो की जाड, आजोबा. खिडकीची काच ती."

"मी सगळ्यात चांगली लावली होती," आजोबा म्हणाले. कुणाला म्हणाले, ते त्यांनाच ठाऊक.

डॉक्टरीणबाईंनी सुई भरली. रावसाहेबांचा मागचा पाय चिमीनं धरला. त्यानं तो आत ओढून घेतला नाही.

"थेंब लिहून देते, रोज तोंडात घालायचे. आणि उघड्यावरचं ऊन. आजपासूनच."

"मग बरा होईल ना?"

हे चिमीनं डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. मान मागे टाकून तिनं आजोबांकडे पाहिलं. कासवं शंभर वर्षं जगतात, हा तुझ्या नातवंडांनाही खेळवील, हे तिला त्यांनीच सांगितलं होतं. आजोबांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या रिकामी सुई टाकायला वळल्या होत्या.

"बघू," आजोबा म्हणाले. चिमीनं हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

ते घरी आले, पण वर गेले नाहीत. इमारतीच्या पायरीवर उन्हाचा एक पट्टा उरला होता, जेमतेम चटईएवढा. चिमीनं रावसाहेबांना त्याच्या मधोमध ठेवलं. वर चौथ्या मजल्यावर त्यांच्या गॅलरीतलं काचघर झगमगत होतं. आजोबांनी एकदा वर पाहिलं आणि मान खाली घातली.

रावसाहेबांनी डोळे उघडले नाहीत. चिमीनं धावत वर जाऊन काकडी किसून आणली, पार पाणी होईपर्यंत किसलेली, आणि बोटावर घेऊन त्याच्या तोंडाशी धरली. ती बोटावरून गळून पायरीवर पडली. तिनं पुन्हा घेतली.

"मी रागावणार नाही," ती त्याला म्हणाली. "उद्या खाल्लंस तरी चालेल."

पट्टा सरकत होता. तो सरकला की चिमी कासवाला दोन्ही हातांनी तेवढंच सरकवत होती. आजोबांना राहवेना. ते गुडघ्यांवर हात टेकून जवळ आले. मान हलली का, श्वास चालू आहे का, हे बघायला आणखी जवळ वाकले.

"आजोबा," चिमी वर न बघता म्हणाली, "जरा सरका ना. तुमची सावली पडतेय त्याच्यावर."

आजोबा सरकले. मग आणखी एक पाऊल सरकले. मग पार भिंतीपर्यंत गेले आणि तिथे पाठ टेकून, अंग चोरून उभे राहिले.